घरचं बी विकणं गुन्हा नाही

संपादक महोदय,

देशी बियाण्यांवरच्या लेखात शेतकऱ्याने घरचे बी विकणे बेकायदा ठरवले आहे. हे साफ चूक आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ नुसार बी राखणे, पेरणे, देवघेव करणे आणि विकणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. मनाई आहे ती फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकायला.

देशी भाताचा उतारा कमी, एवढे मान्य. पण संकरित पिकाचे दाणे राखून पेरले तर पुढचे पीक एकसारखे येत नाही, म्हणून दरवर्षी दुकान गाठावे लागते. तो खर्च लेखकाने धरलेलाच नाही. आमच्या सासूबाई नागलीची भरली कणसे उभ्या पिकातच हेरत आणि वालाचे बी राख चोळून मडक्यात भरत. त्या बियाला कधी पैसा पडला नाही.

देशी बी जपण्याला लेखात वापरलेले ‘अडाण्यांचा हट्ट’ हे शब्द मात्र फार लागले. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. बियाणे जपल्याबद्दल त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. लेखकाने ते शब्द मागे घ्यावेत.

– एक शेतकरी महिला, ता. अकोले