पैसे परत केव्हा येतील?

सुशिक्षित घरातील मुलाने ‘मला धंदा करावयाचा आहे’ असे म्हटले की माजघरापर्यंत शांतता पसरते. वडील भांडवलाचा आकडा विचारतात, काकांना कुणा आप्ताचे बुडालेले दुकान आठवते, आणि आई मनातल्या मनात आपल्या पाटल्या मोजते. मग भीतीपोटी नकार किंवा मायेपोटी होकार मिळतो. माहितीपोटी दोन्ही क्वचितच. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक तारखेला पगार येत आला, त्या घराने पैसा आधी गुंतवून मागाहून मिळविण्याची रीत ऐकलेली असते, पाहिलेली नसते.

ह्यावर आमची सूचना अशी की, अशा मुलाला वा मुलीला एक दिवस एखाद्या जाणत्या गृहस्थाबरोबर चार व्यावसायिकांच्या भेटीस धाडावे. पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर हे तालुके ह्या कामी फार सोयीचे. दिवस हिवाळ्यातला निवडावा, म्हणजे उसाचे गाळप चालू असते.

आरंभ भिगवणला करावा. 1980 साली उजनी धरण पुरे झाले, शेते पाण्याखाली गेली आणि त्या पाण्यावर मासेमारीचा धंदा वाढला. इतर प्रवासी तेथे रोहित पक्षी पाहतात. आपल्या विद्यार्थ्याने मासळीचा व्यापारी गाठावा. मासळीचे आयुष्य तासांचे. पैसा लवकर मोकळा होतो खरा, परंतु भाव पडला तरी थांबण्याची मुभा नाही.

तेथून बारामतीस यावे आणि दूधव्यवसायातील कोणास भेटावे. दूध चार अंशांपर्यंत थंड केले की त्याचे आयुष्य वाढते. त्याची भुकटी केली तर कित्येक महिने टिकते. पण भुकटी गुदामात पडून असताना दूध घालणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे थोडेच थांबतात! माल टिकविण्याची सोय झाली की पैसा अडकण्याचीही सोय झालीच, हा पहिला धडा.

दुसरा धडा भवानीनगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात मिळेल. नीरेच्या डाव्या कालव्याने ह्या कोरडवाहू मुलखात ऊस आणला. ऊस तोडला की त्यातील साखर घटू लागते, म्हणून गाळपाची घाई. शंभर किलो उसापासून साधारण दहा-अकरा किलो साखर निघते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे 14 दिवसांत द्यावयाचे. साखर मात्र वर्षभर विकली जाते, आणि कोणत्या महिन्यात किती विकावी ह्याचा कोटा 2018 पासून केंद्र सरकार ठरविते. मधले अंतर भरून काढण्यासाठी साखर तारण ठेवून बँकेचे कर्ज काढावे लागते. व्याज म्हणजे वाट पाहण्याची किंमत, हे येथे पुस्तकाविना कळते.

शेवट वालचंदनगरला. तेथील उद्योग उसाच्या मळ्यांपासून सुरू झाला, पुढे साखर कारखान्यांची यंत्रे करू लागला, आणि भारताच्या अग्निबाणांचे भागही तेथे घडले. अशा कामाला महिनेच नव्हे, वर्षेही लागतात. अवजड यंत्रांच्या व्यवहारात काही रक्कम आगाऊ, काही टप्प्याटप्प्याने आणि काही यंत्र चालवून दाखविल्यावर, अशी रीत असते. तेथे दराइतकीच कराराची भाषाही जपावी लागते.

बरोबरच्या गृहस्थाचे काम मोठ्यांशी ओळख करून देण्यापुरते नाही. ‘आपणांस तोटा कशात आला?’ हा प्रश्न मुलाला संकोचामुळे विचारता येत नाही. तो त्यांनी विचारावा. यशाची कथा सर्वच सांगतात. तोट्याची कथा वडिलकीच्या नात्याने विचारल्यावरच बाहेर येते. वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले ते वालचंद हिराचंद (1882–1953) सोलापूरच्या पेढीवाल्या घरातले. रेल्वेच्या कंत्राटांत त्यांना भागीदार मिळाले लक्ष्मणराव फाटक, जे पूर्वी रेल्वेत कारकून होते. एकाच्या घरी पैशाचा व्यवहार, दुसऱ्याला कामाची आतली माहिती. कारकुनी केलेल्या मनुष्याचा अनुभव धंद्यात कुचकामी नसतो, हे आमच्या नोकरदार वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

रात्री जेवणे आटोपल्यावर मुलाला प्रवासवर्णन विचारू नये. एवढेच विचारावे: ‘तुझ्या धंद्यात पैसा किती दिवस अडकेल, आणि तेवढे दिवस कोणाला काय द्यावे लागेल?’ उत्तर आले नाही तर भांडवलाआधी वर्षभर त्याच धंद्यातील एखाद्या पेढीवर उमेदवारी करू द्यावी. उत्तर आले तर वडीलधाऱ्यांनीही हात आखडू नये. जी रक्कम बुडाली तरी चूल पेटती राहील आणि धाकट्यांचे शिक्षण अडणार नाही, ती रक्कम एकत्र बसून ठरवावी, कागदावर लिहावी, आणि ती देताना पुन्हा काकांच्या त्या बुडालेल्या दुकानाचे नाव काढू नये. आईच्या पाटल्या मात्र हिशेबाबाहेर ठेवाव्यात.