वणव्यात वीज आधी कोणाला?

३१ डिसेंबर २०१९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील मॅलाकूटा या किनाऱ्यावरील गावाला वणव्याने वेढले. सुमारे चार हजार लोक पाण्याकाठी आश्रयाला गेले. रस्ता बंद झाल्याने त्यांपैकी अनेकांना पुढे नौदलाच्या जहाजातून बाहेर काढावे लागले. या गावाची वीज जंगलातून येणाऱ्या एकाच लांब वाहिनीवर अवलंबून होती.

त्या उन्हाळ्यातील वणव्यांत दूरसंचार सेवा किती कोलमडली, याचा आढावा ऑस्ट्रेलियाच्या दूरसंचार नियामकाने नंतर घेतला. सेवा खंडित होण्याच्या घटनांपैकी केवळ १ टक्का घटना यंत्रणा आगीत थेट जळाल्याने घडल्या होत्या. ८८ टक्के घटनांचे कारण वीज जाणे हे होते. आग पोहोचली नाही तिथेही, नेमक्या गरजेच्या वेळी फोन मुके झाले.

वीजवाहिनी वणव्याची बळी असते, तशी ती त्याचे कारणही ठरते. ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ला व्हिक्टोरियात १७३ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ११९ जण किलमोर ईस्टच्या आगीत गेले, आणि ती आग तुटलेल्या वीजतारेतून पेटली होती. याच भीतीपोटी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सोसाट्याच्या वाऱ्याच्या दिवसांत कंपन्या स्वतःहून वीज बंद ठेवतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये असाच अंधार पसरला असताना ब्ल्यू लेक रँचेरिया या आदिवासी समाजाचे सौरऊर्जा व बॅटरीवरील मायक्रोग्रिड चालू राहिले. परिसरातील लोकांना तिथे इंधन मिळाले, फोन चार्ज करता आले. यंत्रांवर जगणाऱ्या रुग्णांची सोय तिथल्या हॉटेलात झाली.

घरोघरी सौरपट्ट्या असल्या म्हणजे भागते, हा समज मात्र फसवा आहे. मुख्य जाळे बंद पडताच छतावरील साधी सौरयंत्रणाही आपोआप थांबते. तारांवर काम करणाऱ्या कामगाराच्या जिवासाठी तशी तरतूदच असते. मायक्रोग्रिडचे वेगळेपण इथे आहे: ते मुख्य जाळ्यापासून तुटून आपल्यापुरते चालू शकते. त्यासाठी बॅटरी, नियंत्रक आणि बहुधा एखादे डिझेल जनित्र लागते. मॅलाकूटात पुढे १ मेगावॉटची बॅटरी व डिझेल जनित्र बसवण्यात आले. धुराने आकाश झाकले, की सौरपट्ट्यांची निर्मितीही घटते; म्हणून हरित ऊर्जेच्या या व्यवस्थेतही डिझेलला अद्याप रजा मिळालेली नाही.

मर्यादित साठ्यातली वीज पाणीपुरवठ्याच्या पंपाला द्यायची, दवाखान्याला, की मोबाइल मनोऱ्याला? हा क्रम संकटाआधी गावाने बसून ठरवला, तरच मायक्रोग्रिड खऱ्या अर्थाने सामुदायिक ठरते. वर्षातील बहुतेक दिवस गरज न भासणाऱ्या यंत्रणेच्या देखभालीचा भार कोणी उचलायचा, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. अनुदानातून बॅटरी येते. दहा वर्षांनी ती बदलायची वेळ आली, की अनुदान देणारा तिथे असेलच असे नाही.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यातील डोंगर पेटले, तेव्हा गोव्यालाही वणव्याची धग जाणवली. ऑस्ट्रेलियाचे वणवे आणि आपले वणवे यांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरीही सत्तरीतील एखाद्या वाड्याची वीज रानातून जाणाऱ्या तारेवर लोंबकळत असेल, तर ती तार पडल्यावर नळाला पाणी आणि फोनला आवाज कुठून येणार, याचा हिशेब तार शाबूत असतानाच मांडलेला बरा.