एका चौकोनी भोकाची कैफियत

पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली असते, असे मी लहानपणापासून समजत आलो. घर घेतले तर भिंतीला खिळा ठोकता येतो, सदरा घेतला तर बाह्या आखूड करून घेता येतात, पलंग घेतला तर त्याचे तोंड पूर्वेला करावे की पश्चिमेला हे सुतार येऊन सांगत नाही. या नियमाला मोटारगाडी तेवढी अपवाद आहे, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एका गुळगुळीत टेबलापलीकडच्या तरुणाने समजावून दिले. त्याने ते फार नम्रपणे सांगितले. म्हणूनच मला राग यायला चार वर्षे लागली. हा लेख त्या उशिरा आलेल्या रागाचा आहे.

प्रकरण म्हणाल तर किरकोळ. कारखान्याने गाडीबरोबर दिलेला गाण्यांचा सेट काढायचा आणि त्याजागी बाजारातला दुसरा बसवायचा. बाजारात त्याला अजूनही ‘डेक’ म्हणतात. एवढ्या गोष्टीवर दिवाळी अंकाची पाने खर्ची घालायची का, असे सुज्ञ वाचक विचारतील. त्यांनी जरा धीर धरावा.

२०१७ च्या पाडव्याला मी एक लहान गाडी घेतली. तिच्यात बसणारी मुख्य व्यक्ती म्हणजे आई. दर गुरुवारी तिला गुडघ्यांच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचे, जाऊन-येऊन दीड तासाचा प्रवास. वडील शिक्षक होते. चातुर्मासात वाड्याच्या ओसरीवर हौसेने ‘हरिविजय’ सांगत. ते कोणीतरी टेपवर घेऊन ठेवले होते. वडील गेल्यावर तेवीस कॅसेटी ट्रंकेत राहिल्या. माझ्या भाच्याने महिनाभर खपून त्या सगळ्या एका पेनड्राइव्हवर उतरवल्या आणि प्रत्येक भागाला शुद्ध मराठीत नाव दिले : कोणता अध्याय, कोणती कथा, कोणते साल. आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे. इंग्रजी अक्षर तिला ओळखता येत नाही. पण मराठी ती चष्मा लावून झरझर वाचते.

पेनड्राइव्ह गाडीत लावला. आवाज आला, आणि पडद्यावर नावांच्या जागी रिकामे चौकोन उमटले. ओळीने चौकोन, दुसरे काही नाही. आई म्हणाली, “अरे, हे चौकोन कसले रे? मला रुक्मिणीच्या लग्नाचा अध्याय लाव.” तो अध्याय कोणत्या चौकोनात दडला आहे हे सांगायला मी काही अंतर्ज्ञानी नव्हतो. शिवाय जुन्या टेपची खरखर वर आणि वडिलांचा आवाज खाली, असा प्रकार. माणसाचे बोलणे स्पष्ट कळते ते मुख्यतः हजार ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. तो पट्टा थोडा उचलला आणि त्याच्या वरची खरखर दाबली, तर कमी ऐकू येणाऱ्या माणसालाही शब्द लागतात. आमच्या सेटला बटणे दोनच : एक जाड आवाजाचे, एक बारीक आवाजाचे. मधले काही नाही.

मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गेलो. तो तरुण म्हणाला, “सर, फाइलींना इंग्रजीत नावं द्या ना.” मी म्हणालो, “वाचायचे माझ्या आईला आहे.” तो सहानुभूतीने हसला. मग मी विचारले, “बाहेरून दुसरा डेक बसवला तर?” त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. “सर, बाहेरचं काही लावलंत तर गाडीची वॉरंटी गेली.” “म्हणजे डेकची?” “नाही सर, गाडीची.” इंजिनाची, गिअरची, सगळ्याची! मी घरी आलो आणि गप्प बसलो. वॉरंटी दोन वर्षांची होती. वर पैसे भरून मी ती आणखी दोन वर्षांनी वाढवून घेतलेली. चार वर्षे काय, बघता बघता जातील, असे मी आईला म्हणालो. आणि ती गेलीच. २०२१ च्या उन्हाळ्यात आईने अंथरूण धरले, आणि पाडव्याला वॉरंटी संपली तेव्हा तिचे गाडीत बसणे कायमचे संपले होते.

यात दोष कोणाचा? निम्मा माझा. मी भित्रा निघालो. मला कोणी कागद दाखवला नव्हता आणि मीही मागितला नव्हता. नंतर, उपयोग उरला नाही तेव्हा, मी वाचायला बसलो. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, हा त्यांच्यावरचा ठपका. त्याच आदेशात आयोगाने बजावले होते की, गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामाने जे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. दंडावर पुढे अपिले झाली, आणि आदेश दुरुस्तीबद्दलचा आहे, डेकबद्दलचा नाही, हेही मला कबूल आहे. पण न्याय तोच. अमेरिकेत तर १९७५ पासूनच असा कायदा आहे की, अमुकच कंपनीचा भाग वापरा, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट घालायची तर तो भाग फुकट दिला पाहिजे. डेकच्या तारांनी काही जळले तर त्या जळण्याची जबाबदारी माझी, हे समजण्यासारखे आहे. पण डेक बदलला म्हणून गिअरची जबाबदारी झटकणे म्हणजे चष्मा बदलला म्हणून दात उपटायला नकार देण्यासारखे आहे.

आता कोणी म्हणेल, गाडी कंपनीची निर्मिती, तिच्या अंतर्भागात परक्याने हात का घालावा? या मंडळींना इतिहास ठाऊक नाही. मोटारीत रेडिओ आला तोच मुळी बाहेरून. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने १९३० साली मोटारीसाठी जो रेडिओ काढला, त्याचे नाव ‘मोटोरोला’. गॅल्विन मोटारी बनवत नव्हते. ते दुसऱ्यांच्या मोटारीत रेडिओ बसवून देत. तो बसवायला गाडीची बरीच चिरफाड करावी लागे, आणि तरी लोक बसवून घेत. युरोपात १९३२ साली जर्मनीच्या ब्लाउपुंक्टने तेच केले. फिलिप्सची कॅसेट १९६३ साली आली आणि पाच वर्षांत फिलिप्सचाच कॅसेट वाजवणारा मोटार-रेडिओ आला. म्हणजे गाडीत गाणे आणले ते बाहेरच्यांनी, त्याची चटक लागली ती गिऱ्हाइकाला, आणि आज मालकी सांगतो आहे तो गाडीचा कारखानदार! आमच्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीत कारखान्याने रेडिओ दिलेलाच नव्हता. तो नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनने बसवला, आणि त्यामुळे गाडीचे काही वाकडे झाले नाही.

आणि या सगळ्या काळात जगाने एक फार शहाणपणाची गोष्ट केली होती. प्रत्येक कंपनीच्या गाडीत रेडिओची जागा वेगळ्या मापाची असेल तर गोंधळ होईल, म्हणून जर्मनांनी एक माप ठरवले, आणि १९८४ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. डेकचे तोंड १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. त्याच्या दुप्पट उंचीचे, १०० मिलिमीटरचे, मापही पुढे रूढ झाले. बाजारात यांना ‘सिंगल डिन’ आणि ‘डबल डिन’ म्हणतात. तारांच्या रंगांचीही रूढी पडली : पिवळी थेट बॅटरीची, लाल चावीवर चालणारी, काळी अर्थची, पांढरी आणि राखाडी पुढच्या स्पीकरांची, हिरवी आणि जांभळी मागच्यांची. पुण्यात जोडणारा असो की बर्लिनमध्ये, रंग तेच. एका चौकोनी भोकाने कारखानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात एक न लिहिलेला करार केला होता : गाडी आमची घ्या, आवाज तुमच्या आवडीचा ठेवा. मला हे भोक लोकशाहीतल्या मतपेटीच्या फटीइतके मोलाचे वाटते.

ते भोक आता बुजवले जात आहे. नव्या गाड्यांत पाहा. डेकच्या जागी एक लांबट पडदा, त्याला ना माप ना चौकट. त्याच पडद्यात एअरकंडिशनची बटणे, त्यातच मागचे दृश्य, त्यातच गाडीच्या निम्म्या सेटिंगा. पडदा काढाल तर गाडीचा वाराही बंद. याला ते सौंदर्य म्हणतात. गाण्याला गाडीच्या आतड्यात अशा रीतीने शिवून टाकले आहे की, ते सोडवायचे तर पोट फाडावे लागावे. कोणी म्हणतो, निदान आपला फोन तरी पडद्याला जोडता येतो. तोही भरवसा धरू नका. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने २०२३ साली जाहीर केले की, पुढच्या विजेवरच्या गाड्यांत ॲपलचे आणि गूगलचे फोन पडद्याशी जोडण्याची सोय राहणार नाही. पडद्यावर कंपनीने ठरवलेलेच दिसेल. पडदा गिऱ्हाइकाच्या पैशाचा आणि मर्जी कंपनीची!

विरुद्ध बाजूचे खरे तेही सांगतो. बाजारात सगळेच संत बसलेले नाहीत. डेकच्या खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ असे ठळक छापलेले असते. ही शुद्ध थाप आहे, आणि ती नामांकित कंपन्याही मारतात. गाडी चालू असताना मिळणारा विजेचा दाब साधारण १४.४ व्होल्टचा, चार ओहमच्या स्पीकरवर त्यातून स्वच्छ आवाजाचे पंचवीस-सव्वीस वॉट निघतात, तेही कागदावरच्या गणितात. प्रत्यक्षात वीसच्या आसपास. पिवळी आणि लाल तार एकत्र पिळून ठेवणारा कारागीरही मी पाहिला आहे; अशाने डेक रात्रभर जागा राहतो आणि सकाळी बॅटरी झोपते. आणि मागच्या डिकीत पिंपाएवढा स्पीकर ठेवून अख्ख्या आळीच्या खिडक्या हादरवणाऱ्याचे वकीलपत्र मी घेतलेले नाही. पण वाईट शिंपी आहेत म्हणून कोणी सदऱ्याच्या बाह्या कापायला बंदी घालत नाही. उलट, कारागिराने चुकू नये असे खरोखर वाटत असेल तर तारांचा नकाशा गाडीच्या पुस्तकात छापा. तो दडवून ठेवायचा आणि मग बाहेरच्यांना काही कळत नाही म्हणायचे, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप असा की, कारखान्यातल्या इंजिनिअरांना अक्कल नाही का? आहे; पण ती कोणत्या कामी लावायची हे हिशेबनीस ठरवतो. गिऱ्हाईक शोरूममध्ये गाडीचा रंग पाहतो, मायलेज विचारतो. स्पीकर उघडून कोण पाहतो? तेव्हा जिथे पाहिले जात नाही तिथे काटकसर होते. त्याबद्दलही माझी तक्रार नाही. स्वस्त द्या, साधे द्या; पण मग ते बदलू तरी द्या. साधेही द्यायचे आणि बदलूही द्यायचे नाही, हे दोन्ही एकदम चालणार नाही. महाराष्ट्रात हजारोंनी गाड्या विकणाऱ्याला पडद्यावर चार देवनागरी अक्षरे उमटवता येऊ नयेत, यात तंत्राची अडचण नव्हती. नाना पेठेतल्या लहानशा दुकानातल्या डेकवर ती सहज उमटत होती.

कारण शेवटी मी तिथेच गेलो. २०२१ च्या डिसेंबरात, वॉरंटीची भीती नसताना. पोरगा पंचविशीतला असेल. मी चाचरत विचारले, “मिस्त्री, वायरी फार कापाव्या लागतील?” तो म्हणाला, “काका, एक पण वायर कापायची नाही. कप्लर टू कप्लर बसतो. उद्या नको वाटला तर जुना परत लावा.” त्याने प्लास्टिकच्या पट्टीने चौकट अलगद उचकली, चार स्क्रू काढले, जुना डेक ओढून बाहेर घेतला, मधे एक जोड-कप्लर लावला आणि नवा आत सरकवला. पाऊण तास लागला. माझी चार वर्षांची भीती पाऊण तासाची निघाली. जुना डेक त्याने कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला.

पेनड्राइव्ह लावल्यावर पडद्यावर सगळी नावे मराठीत ओळीने उभी राहिली. रुक्मिणीच्या लग्नाचा अध्यायही त्यांत होता. वडिलांचा प्रत्येक शब्द सुटा ऐकू आला. मधेच त्यांनी कोणाला तरी समई सारखी करायला सांगितले, तेसुद्धा. शेजारची जागा रिकामी होती. घरी येऊन मी आईला सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “आधी का नाही केलंस?” पुढच्या वर्षी ती गेली. तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. कंपनीजवळही नसावे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. गाडीत डेकची जागा ठरल्या मापाची आणि सुटी ठेवा. तारांचा नकाशा पुस्तकात छापा. वॉरंटी नाकारायची तर बाहेरच्या कामाने काय बिघडले ते आधी सिद्ध करा, आणि लेखी द्या. आणि ज्या प्रांतात गाडी विकता, त्या प्रांताची अक्षरे पडद्यावर उमटू द्या. यात कोणाचे दिवाळे निघणार नाही.

आणि वाचकहो, तुमच्यापैकी अनेकजण या पाडव्याला नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणार आहात. चेक फाडण्याआधी एक करा. विक्रेता रंग, मायलेज आणि हप्ते सांगून दमला की शांतपणे विचारा, “हा डेक मला बदलता येईल का? आणि येत नसेल, तर तसे लिहून द्या.” तो नम्रपणे हसेल. तुम्ही हसू नका. मी हसलो होतो.