पदवीचें सोंवळें

दूरस्थ शिक्षणानें मिळविलेली एम. ए. ची पदवी ही मूळचीच हलकी, असें म्हणण्याचा आमच्या प्राध्यापकवर्गांत प्रघात पडून गेला आहे. निवडमंडळावर बसलेले विद्वान गृहस्थ उमेदवाराचा अर्ज चाळतां चाळतां ‘बाहेरून केलेलें दिसतें’ एवढेंच उद्गारतात, आणि त्याच्या दोन वर्षांच्या परिश्रमांचा निकाल लागतो. मान्यताप्राप्त संस्थांच्या अशा पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या समजाव्यात, हें विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालीं स्पष्ट केलें. परंतु नियमानें गेलेलें सोंवळें मनांतून जात नाहीं.

ह्या सोंवळ्यास इतिहासाचा तरी आधार आहे काय? मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं निघालें तें लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था म्हणून. शिकविण्याचें काम महाविद्यालयांचें. विद्यापीठाचा स्वतःचा समाजशास्त्राचा विभाग निघण्यास १९१९ साल उजाडावें लागलें. लंडन विद्यापीठ तर त्याहूनहि पुढें गेलें. १८५८ च्या सनदेनें त्यानें, वैद्यकासारखे विषय वगळून, उमेदवार कोठें शिकला हें न विचारतां त्यास परीक्षेस बसूं देण्यास आरंभ केला. वर्गाच्या चार भिंतींवांचून विद्या नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं आधीं आपल्याच विद्यापीठाची जन्मपत्रिका पाहावी.

आतां हा अभ्यास करितें कोण, तेंहि पाहूं. दिल्लीस १९८५ सालीं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व नाशकास १९८९ सालीं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. ह्या दारांनीं आंत येणारा विद्यार्थी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षक, तालुक्याच्या कचेरींतील कारकून, लग्नामुळें शिक्षण सुटलेली आणि मुलें निजल्यावर पुस्तक उघडणारी गृहिणी. वर्ग कीं घर, अशी निवड त्यांच्यापुढें नसतेच. अभ्यास कीं कांहींच नाहीं, अशी असते. अशा माणसांस हिणविण्यांत विद्वत्ता कसली?

इतकें म्हटल्यावर दुसऱ्या पक्षासहि चार शब्द सुनावणें प्राप्त आहे. ह्या शिक्षणाचा प्राण स्वाध्यायांत आहे. दूर असलेल्या विद्यार्थ्यानें लिहावें, शिक्षकानें तें वाचून शेरा द्यावा, आणि वर्गांत जो संवाद व्हावयाचा तो कागदावर व्हावा, हा त्यामागील हेतु. म्हणूनच इंदिरा गांधी विद्यापीठाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत शेंकडा ३० गुण स्वाध्यायांस ठेविले आहेत. प्रत्यक्षांत काय होतें? तयार स्वाध्याय बाजारांत विकत मिळतात. विद्यार्थी ते उतरून काढतो, तपासणारा पानें मोजून गुण देतो, आणि वही एका ओळीच्या शेऱ्यावांचून कपाटांत पडते. पदवी हलकी होते ती अंतरामुळें नव्हे. न वाचलेल्या वहीमुळें होते.

आणि ही वही तपासतो कोण? अभ्यासकेंद्रें बहुशः नियमित महाविद्यालयांतच भरतात, व तेथील मार्गदर्शक बहुधा आमचेच व्यवसायबंधु असतात. रविवारीं न वाचतां गुण द्यावयाचे आणि सोमवारीं त्याच पदवीस नाक मुरडावयाचें, हा न्याय अजब खरा! शिवाय, नियमित वर्गांत सांगितलेली टिपणें उतरवून घेण्यापलीकडे कांहीं घडतें, असें छातीठोकपणें म्हणणारे तरी आमच्यांत किती निघतील?

आमचें मागणें मोठें नाहीं. प्रत्येक स्वाध्याय वाचला जावा, त्यावर हातानें शेरा लिहिला जावा, तो विद्यार्थ्यास परत मिळावा, आणि निदान एका स्वाध्यायावर त्यास समक्ष चार प्रश्न विचारले जावेत. उतरून काढलेला मजकूर त्या चार प्रश्नांत उघडा पडेल, आणि रात्रीं जागून वाचणाऱ्या गृहिणीस आपलें लेखन कोणीतरी वाचलें ह्याचें समाधान लाभेल. हें ज्या प्राध्यापकानें केलें असेल, त्यानें मग निवडमंडळावर बसून पदवीचें वजन खुशाल करावें.