परकोटाच्या पायथ्याचा कचरा: दोष शिस्तीचा की व्यवस्थेचा?

१/७
चंद्रपूरच्या परकोटापाशी कचऱ्याचा ढीग दिसला की निकाल ठरलेला असतो: ‘लोकांनाच शिस्त नाही.’ निकाल सोयीचा आहे, कारण त्यात कोणत्याही कार्यालयाला उत्तर द्यावे लागत नाही. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही.

२/७
गोंड राजांनी उभारलेल्या या तटाला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे. जुन्या घरांची कचराव्यवस्था म्हणजे परसातला उकिरडा. शेण, राख, खरकटे तेथे कुजे आणि पेरणीपूर्वी खत होऊन बैलगाडीने शेतात जाई. उकिरड्याला धनी होता आणि मोलही होते.

३/७
वस्तूही रानातल्याच: पळसाची पत्रावळ, बुरडाची टोपली, मातीचे मडके. फेकले तरी मातीत मिसळे. तरीही त्या काळाचे गोडवे गाऊ नयेत. मैला उचलण्याचे व रस्ते झाडण्याचे ओझे जातीने ठरवले होते. ‘उंबऱ्याबाहेरची घाण दुसऱ्याने उचलायची’ ही वृत्ती त्याच व्यवस्थेने पोसली.

४/७
पुढे कोळशाच्या खाणी वाढल्या, १९८० च्या दशकात औष्णिक वीज केंद्र आले, शहर तटाबाहेर पसरले. परसे आक्रसली, शेत दुरावले, प्लास्टिक घरात शिरले. उकिरडा मोडला, त्याची जागा घेणारी घंटागाडी फार उशिरा आली. मधल्या काळात कचऱ्याला बेवारस जागा सापडल्या: तटाचा पायथा आणि झरपटचा काठ.

५/७
१९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात तर अनेक तालुक्यांच्या गावांना नगरपंचायत मिळाली ती २०१५ च्या सुमारास. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घराघरांत वर्गीकरण बंधनकारक केले. पण ओला व सुका कचरा एकाच गाडीत ओतला जाणार असेल, तर कोणती गृहिणी दोन डबे ठेवील?

६/७
२०१७ मध्ये ‘इको-प्रो’च्या स्वयंसेवकांनी परकोट साफ करण्यास हात घातला. ते याच शहराचे नागरिक होते. मग बेशिस्त रक्तातच आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? मात्र श्रमदान हा रोजच्या कचरासंकलनाला पर्याय ठरू शकत नाही.

७/७
ताडोब्याच्या परिसरात ही हेळसांड जिवावर बेतू शकते. उघड्या कचऱ्यावर कुत्री व डुकरे जमतात, त्यांच्या मागावर बिबट्या वस्तीत येतो. म्हणून उपदेशाचे फलक पुरे झाले. आधी ठरल्या वेळी येणारी गाडी द्या. मग शिस्तीचा हिशेब मागा.