मे महिन्यातली जेली

मुलाच्या वाढदिवसासाठी जिलेटिनचे पाकीट आणावे, सांगितल्याप्रमाणे सगळे करावे, आणि मुले जमली तरी वाटीत नुसते गोड पाणी! ज्या घरी फ्रीज नाही तिथे मे महिन्यात हे हमखास घडते. करणारीचा यात काही दोष नसतो.

जिलेटिन जनावरांच्या कातड्याहाडांतून निघते. थंडीत पायाचा रस्सा रात्रभर राहिला की सकाळी थलथलीत होतो, तो त्याच्यामुळेच. गरम पाण्यात जिलेटिनचे धागे सुटे फिरत असतात. पाणी निवले की ते एकमेकांना पीळ घालून जाळे विणतात आणि पाणी त्यात अडकून बसते. पण हा पीळ कच्चा. १५-२० अंशांच्या खाली गेल्याशिवाय जाळे नीट धरत नाही आणि ३०-३५ अंशांना सुटते. म्हणून तर जेली तोंडात विरघळते. आपल्याकडे मे महिन्यात ती वाटीतच विरघळते, इतकेच! जिलेटिन फार वेळ उकळू नये, त्यानेही धागे तुटतात.

फ्रीज नसेल तर आम्ही चायना ग्रास घ्यायला सांगू. ते समुद्रातल्या शेवाळापासून करतात. पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे लागते, मात्र ३२ ते ४० अंशांच्या दरम्यानच ते धरते आणि मग ८५ अंशांपर्यंत सुटत नाही. परातीत माठाचे पाणी घालून त्यात भांडे ठेवावे, पुरते. जेली जरा कडक होते, पण मुलांची तक्रार नसते.

या चायना ग्रासचे शास्त्रीय नाव अगर. ते प्रयोगशाळेत नेले एका गृहिणीने. १८८१ साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्याकडे डॉ. वाल्टर हेस्से काम करीत. जंतू वाढवायची त्यांची जिलेटिनची जेली उन्हाळ्यात वितळून जाई. तुझी घरची जेली कशी टिकते, असे त्यांनी पत्नी फॅनी यांना विचारले. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून फॅनी अगर शिकल्या होत्या. तेच त्यांनी सुचवले. १८८२ साली कॉख यांनी क्षयाच्या जंतूवरील निबंधात अगरचा उल्लेख केला. फॅनींचे नाव त्यात नाही. आजही दवाखान्यात लघवीतले जंतू तपासायला दिले, की ते वाढवायच्या बशीत बहुधा अगरच असते.