मर्यादा वाढली, पगार तेवढाच

बीड जिल्ह्याला ‘उचल’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पावसाळा सरत आला, की गेवराई, शिरूर, पाटोदा, धारूर, केज या तालुक्यांतील गावांत मुकादम उचलीचे पैसे वाटू लागतात आणि दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. ज्या जोडप्याच्या कोयत्याला अधिक काम होते, त्याला पुढील वर्षी अधिक उचल मिळते. गावात ही वाढ मानाची समजली जाते. परंतु हंगाम आखडला, फडात आजारपण आले अथवा ऊसच कमी पडला, म्हणजे तीच वाढ बाकी होऊन बसते आणि पुढील हंगामही त्याच मुकादमाकडे बांधला जातो. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा 1976 साली झाला. उचलीची गाठ मात्र त्याने सुटली नाही.

शिक्षक, कारकून अथवा नुकताच नोकरीस लागलेला पदवीधर यांना आपला या व्यवहाराशी संबंध नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यांच्या भ्रमणध्वनीवर अधूनमधून जो संदेश येतो, तो नीट वाचावा. ‘आपल्या क्रेडिट कार्डाची मर्यादा 50 हजारांवरून दीड लाख करण्यास आपण पात्र ठरला आहात, संमतीसाठी येथे बोट ठेवा.’ ‘पात्र’ हा शब्द मोठा गोड आहे. पगार वाढलेला नसतो, महागाई भत्त्याची थकबाकी मिळालेली नसते, घरातील खर्चही घटलेला नसतो. वाढते ती केवळ कर्ज काढण्याची मुभा. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण मुलांना शिकवतो. येथे अंथरूणच लांब झाल्याचा भास होतो. ते उसने आहे, हे ध्यानात राहत नाही.

हिशेब मांडून पाहणे बरे. समजा, कार्डावर 50 हजार रुपये थकले असून व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज 1750 रुपये आणि त्यावरील 18 टक्के वस्तू व सेवा कर 315 रुपये, म्हणजे एकूण 2065 रुपये झाले. कार्डधारकाने दरमहा अडीच हजार रुपये भरले, तर पहिल्या महिन्यात मुद्दलातून 435 रुपये फिटतात. एकही नवी खरेदी न करता याच गतीने फेड केली, तर तिला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो आणि 50 हजारांपोटी सुमारे 1 लाख 8 हजार रुपये जातात. शिवाय मागील बाकी पूर्ण भरली नसेल, तर नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही बंद होते. देयकावरील ‘किमान रक्कम’ भरली म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांची वाट ही अशी आहे.

व्याजाला वरची मर्यादा असावी की नाही, हा वादही झालेला आहे. थकीत रकमेवर 30 टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो रद्द केला. खर्चाला बँक मर्यादा घालते, व्याजाला मात्र कायदा घालीत नाही, अशी ही विचित्र स्थिती आहे.

रिझर्व्ह बँकेने काही केलेच नाही, असे म्हणता येणार नाही. तिच्या 2022 च्या निर्देशांनुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून कार्डाची मर्यादा वाढविता येत नाही. कार्ड बंद करण्याचा अर्ज आला आणि बाकी नसेल, तर सात कामकाजी दिवसांत ते बंद करावे, अन्यथा दिवसाला 500 रुपये ग्राहकास द्यावेत, असाही नियम आहे. प्रश्न आहे तो संमतीच्या स्वरूपाचा. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढायचे तर पगारपत्रक लागते आणि सहकाऱ्याची जामीनदार म्हणून सही लागते. त्या सहीसाठी दोन गोष्टी बोलाव्या लागतात, कारण सांगावे लागते. ती अडचण हाच एक लगाम होता. पतसंस्थांचे आणि विशेषतः मल्टिस्टेट सोसायट्यांचे दोष या जिल्ह्यातील ठेवीदारांनी भोगलेले आहेत. त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही बोटाच्या एका स्पर्शाने दिलेल्या संमतीपेक्षा जामीनदाराची सही अधिक विचारपूर्वक होत असे, हे मान्य करावे लागेल.

शेतकऱ्याच्या कार्डाची गोष्टही पाहण्यासारखी आहे. 1998 साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा जमीन, पीक आणि त्या पिकाचा ठरलेला कर्जदर यांवरून काढतात आणि पुढील वर्षांसाठी तीत दरसाल दहा टक्के वाढ धरतात. खते, बियाणे महागतात, म्हणून ती वाढ रास्तच आहे. पण पाऊस काही दरसाल दहा टक्क्यांनी वाढत नाही. 2012-13, 2015-16, 2018-19 या दुष्काळी वर्षांत मर्यादा कागदावर जिवंत होती आणि पीक शिवारात जळत होते. मग शाखेत जाऊन कर्जाचे ‘नवे-जुने’ करण्याखेरीज उपाय उरत नाही.

मर्यादावाढ सर्वस्वी त्याज्य आहे, असे नव्हे. दरमहा पूर्ण देयक फेडणाऱ्याला ती रुग्णालयाच्या प्रसंगी उपयोगी पडते. वापर तेवढाच राहिला, तर मर्यादेच्या प्रमाणात तो कमी दिसतो आणि पतगुणांकालाही त्याचा लाभ होऊ शकतो. अशा माणसाने ती खुशाल घ्यावी. मात्र व्यवहारागणिक खर्चाची आपली मर्यादा कार्डावर स्वतः ठरवून ठेवावी. ही सोय बँकांनी देणे 2020 पासून बंधनकारक आहे. ज्याची बाकी महिन्यामागून महिना पुढे सरकते, त्याने मात्र संदेशाला उत्तर देऊ नये. उलट मर्यादा कमी करण्याचा लेखी अर्ज शाखेत द्यावा. मर्यादा वाढवून देतो, असे सांगून दूरध्वनीवर ओटीपी मागणाऱ्याला तर कोणीच उत्तर देऊ नये.

रिझर्व्ह बँकेने आणखी एक गोष्ट केली पाहिजे. मर्यादावाढीच्या प्रत्येक संदेशात, वाढीव रकमेच्या शेजारी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत, ती सर्व वापरून केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेडीला किती महिने लागतील आणि एकूण किती रुपये जातील, हे दोन आकडे मराठीत छापण्याची सक्ती बँकांवर करावी.